गुणवंतांचा सत्कार: निकषांच्या कागदापासून नोंदवहीपर्यंत

जूनमध्ये कोल्हापुरातल्या कुठल्याही पेठेतून एक चक्कर मारा. चौकाचौकात अभिनंदनाचे डिजिटल फलक लागलेले असतात. वर नेतेमंडळींचे हात जोडलेले फोटो, मधे गॉगलवाले कार्यकर्ते, आणि ज्या पोरांसाठी हा सगळा खटाटोप ती तळाला, पासपोर्टच्या आकारात. त्यातही एखाद्याचं आडनाव चुकलेलं. कार्यक्रमाचीही तीच तऱ्हा. अडीच तासांच्या समारंभात मुलाच्या वाट्याला येतात वीस सेकंद, एक नारळ आणि एक प्लॅस्टिकची ट्रॉफी.

यापेक्षा बरं करता येतं. त्याला पैसे जास्त लागत नाहीत, तयारी जास्त लागते. तालीम मंडळ, सोसायटी, पतसंस्था, दूध संस्था, माजी विद्यार्थ्यांचा गट, ग्रामपंचायत किंवा शाळेची व्यवस्थापन समिती, कुणालाही जमेल अशी पद्धत पुढे टप्प्याटप्प्याने दिली आहे. सगळ्या टप्प्यांच्या मुळाशी एकच अट आहे: सत्कार झाल्यावर त्या मुलाचं पुढचं एखादं काम सोपं झालं पाहिजे.

ही अट काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. मार्च १९२० मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या माणगावला बहिष्कृत वर्गाची परिषद झाली. तिथे शाहू महाराजांनी अठ्ठावीस वर्षांच्या डॉ. आंबेडकरांकडे बोट दाखवून जमलेल्या लोकांना सांगितलं, की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. गुणांची जाहीर ओळख म्हणजे काय, याचा याहून चांगला दाखला आपल्याकडे नाही. पण महाराज नुसतं बोलले नव्हते. जानेवारीत आंबेडकरांनी सुरू केलेल्या ‘मूकनायक’ पाक्षिकाला त्यांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. त्याच वर्षी आंबेडकर अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. लोकांसमोर शब्द आणि पाठीशी मदत, दोन्ही एकाच वेळी होतं. आपल्या गल्लीतल्या कार्यक्रमाला एवढी उंची नको, पण रीत तीच ठेवता येते.

१. आधी निकषांचा कागद

समारंभाच्या निदान दीड महिना आधी पाच जणांनी बसून एक पानभर निकष लिहावेत. त्यात दोन शिक्षक हवेत, निदान दोन बायका हव्यात आणि शक्यतो ज्यांची स्वतःची मुलं यादीत नाहीत अशी माणसं हवीत. तो कागद मंडळाच्या फळ्यावर आणि व्हॉट्सअॅप गटावर लावून टाकावा. एकदा जाहीर झाला की ‘आमच्या बाळ्याचं नाव का नाही?’ हा प्रश्न निम्म्याने कमी होतो. उरलेला निम्मा कुणालाच चुकलेला नाही.

निकष लिहिताना सगळ्यात जास्त घोळ गुणांचा होतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

राज्य मंडळाने दहावी-बारावीची गुणवत्ता यादी काढणं केव्हाच बंद केलं आहे. तरीही मानपत्रावर ‘बोर्डात पहिला’ असं बिनदिक्कत छापलं जातं. शाळेत पहिला असेल तर ‘शाळेत पहिला’ म्हणा. दहावीची टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर निघते आणि तिच्यात कला-क्रीडेचे वाढीव गुणही मिळालेले असू शकतात. त्यामुळे ९९.६० आणि ९९.४० या दोन मुलींमध्ये पहिली-दुसरी ठरवण्यात काही अर्थ नाही. ९० टक्क्यांच्या पुढचे सगळे, अशी एक रेघ ओढा आणि नावं आडनावाच्या अकारविल्हे वाचा. क्रमांक लावूच नका.

सीईटी आणि जेईईमध्ये मिळतात ते पर्सेंटाइल. ९९ पर्सेंटाइल याचा अर्थ बसलेल्या शंभरातल्या सुमारे ९९ जणांच्या बरोबरीने किंवा पुढे. ते ९९ टक्के गुण नव्हेत. निवेदकाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर माइकवरून ‘सीईटीत नव्व्याण्णव टक्के’ असं ठोकून दिलं जातं आणि मुलगा स्टेजवर कानकोंडा होतो.

शिष्यवृत्ती परीक्षेचं वेगळंच. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला गेली आणि आता पुन्हा चौथी-सातवीकडे वळली आहे. म्हणून इयत्ता आणि वर्ष लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. तिची यादी राज्याची वेगळी, जिल्ह्याची वेगळी, शिवाय ग्रामीण आणि शहरी वेगवेगळी. ‘जिल्ह्यात तिसरा’ म्हणायचं तर ‘जिल्हा ग्रामीण यादीत तिसरा’ हे पुरं वाक्य यायला हवं. यात मुलाचं काही कमी होत नाही. उलट माहीतगार माणूस ऐकत असेल तर त्याचा विश्वास बसतो.

आता गुणांपलीकडचं. कोल्हापूरसारख्या गावात फक्त मार्कलिस्ट बघून सत्कार करणं म्हणजे तांबड्या-पांढऱ्याच्या गावात वरणभातावर परत पाठवणं. इथे पोरं कुस्ती खेळतात, शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघातून फुटबॉल खेळतात, नेमबाजी करतात. स्वप्नील कुसाळे याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून नेमबाजीचं कांस्यपदक घेऊन आला. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटरांच्या गावात चित्र काढणारा मुलगा यादीबाहेर राहावा हे बरं दिसत नाही. निकषांत चार दालनं ठेवा: अभ्यास, खेळ, कला आणि विज्ञान-प्रकल्प. पाचवं वाटलं तर समाजकार्य.

खेळात शालेय स्पर्धांची जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी उतरंड ठरलेली आहे. प्रमाणपत्रावर क्रीडा कार्यालयाचा किंवा मान्यताप्राप्त संघटनेचा शिक्का आहे का, ते बघा. प्रवेश फी भरून बाहेरगावी जाऊन यायचं आणि ‘आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक’ आणायचं, असलेही प्रकार सुरू आहेत. त्यात पोराचा दोष नसतो, पण मंचावरून ते वाचून तुम्ही खऱ्या राज्यपातळीवरच्या खेळाडूवर अन्याय करता. चित्रकलेत कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा, संगीतात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, नाटकात राज्य बालनाट्य स्पर्धा, एवढ्यावर बहुतेक काम भागतं.

‘प्रतिकूल परिस्थितीवर मात’ असं दालन मात्र ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. हेतू चांगला असतो. घडतं असं, की तेरा-चौदा वर्षांची मुलगी भरल्या सभागृहात उभी असते आणि माइकवरून तिच्या बापाचं दारूचं व्यसन किंवा आईची धुण्याभांड्यांची कामं वाचली जातात. दुसऱ्या दिवशी तिला त्याच वर्गात बसायचं असतं. तिच्या कामाचं कौतुक करा. घरचं काय ते समितीला माहीत असलं की पुरे, आणि मदत करायची ती चारचौघांच्या नजरेआड.

एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेलाही हाच नियम. आठवीतल्या मुलांची ही परीक्षा पास होणं अभिमानाचं आहे. निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण ती पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्यांसाठीच असते. मंचावरून ‘एनएमएमएस शिष्यवृत्तीधारक’ एवढंच म्हणा. योजनेचं ‘आर्थिक दुर्बल घटक’ हे लांबलचक नाव वाचायचं कारण नाही.

२. अर्ज, पडताळणी आणि नावाची काना-मात्रा

अर्ज एका पानाचा असावा. मुलाचं नाव, इयत्ता, शाळा, काय मिळवलं, कुणी घेतलेली स्पर्धा किंवा परीक्षा, कोणती पातळी, कोणतं वर्ष. सोबत छायांकित प्रत आणि मूळ कागद दाखवायची अट. दहावी-बारावीची गुणपत्रकं डिजिलॉकरवर मिळतात, तिथून मोबाइलवर दाखवली तरी चालतात. शेवटची तारीख पक्की ठेवा आणि ती मोडू नका, अध्यक्षांच्या भाच्यासाठी तर मुळीच नाही.

वाट बघत बसू नका, शोधायलाही जा. हुशार मुलांचे आईबाप स्वतःहून अर्ज आणतात, ते अर्ध्याच मुलांचे. बाकीच्यांचा पत्ता वर्गशिक्षकांकडे, वस्तादांकडे आणि चित्रकलेच्या सरांकडे असतो. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटून विचारा, ‘यंदा असं कोण आहे ज्याचं नाव आमच्यापर्यंत येणार नाही?’ या एका प्रश्नावर यादीतली सगळ्यात चांगली दोन-चार नावं मिळतात.

अर्जात एक रकाना असा ठेवा: ‘प्रमाणपत्रावर नाव कसे छापावे’. काही मुलं आईचं नाव लावतात, काही दोघांचं, काही फक्त आडनाव. त्यांनी लिहिलं तसं छापायचं, आपण सुधारायचं नाही. ‘शिवतेज’चं ‘शिवतेज्’ किंवा ‘श्रेया’चं ‘श्रीया’ होऊ नये म्हणून छपाईआधी प्रत्येक घरी नावाचा फोटो पाठवून ‘बरोबर आहे’ असं उत्तर मागवा.

फोटो आणि नाव प्रसिद्ध करायला पालकांची लेखी संमती याच अर्जावर घ्या. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कायद्याचं सोडा, मुलीचा फोटो, शाळा, तुकडी आणि राहायची गल्ली हे सगळं एकत्र फेसबुकवर टाकणं शहाणपणाचं नाही. नाव आणि यश एवढं पुरतं. मोबाइल नंबर कुठेच नको.

३. सरकारदरबारी नोंद कशी होईल

बऱ्याच जणांना वाटतं, अधिकृत सत्कार म्हणजे मंत्री आणावे लागतात. तसं काही नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे ठराव.

गाव असेल तर ग्रामसभेत विषय घ्या. १५ ऑगस्टच्या आसपासची ग्रामसभा त्यासाठी सोयीची. ठरावाचा मजकूर साधा असू द्या: ‘ग्रामपंचायत हद्दीतील पुढील विद्यार्थ्यांनी सन २०२५-२६ मध्ये मिळवलेल्या यशाची ही ग्रामसभा नोंद घेत आहे व त्यांचे अभिनंदन करीत आहे.’ खाली नावं आणि प्रत्येकापुढे यशाचा एक ओळीचा तपशील. हे इतिवृत्तात चढलं की ती कायमची नोंद झाली. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मुलाला द्या. तीस रुपयांच्या ट्रॉफीपेक्षा तो कागद घरात जास्त जपला जातो.

शहरात सहकारी गृहनिर्माण संस्था, पतसंस्था यांना वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते आणि ती साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत होते. सभासदांच्या पाल्यांचा सत्कार तिथे करायची आपल्याकडे जुनी रीत आहे. फक्त तो विषय अहवालवाचनाच्या आधी घ्या. ‘मंजूर, मंजूर’ आणि ‘नामंजूर, नामंजूर’ सुरू झाल्यावर हातात गुलाबाचं फूल धरून उभ्या राहिलेल्या सहावीच्या पोराकडे कोण बघणार?

शाळेत व्यवस्थापन समितीच्या सभेत तशीच नोंद करता येते. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना किंवा महापालिकेच्या शाळा असतील तर तिथल्या प्रशासनाधिकाऱ्यांना यादीसह पत्र द्या, पोच घ्या. ते कार्यक्रमाला आले तर उत्तमच. नाही आले तरी यादी त्यांच्या दप्तरी राहते.

एक गोष्ट करू नका. प्रमाणपत्र भारदस्त दिसावं म्हणून अशोकस्तंभाचं चिन्ह छापू नका. त्याच्या गैरवापराला २००५ च्या कायद्याने बंदी आहे. परीक्षा मंडळाचं किंवा विद्यापीठाचं बोधचिन्हही परवानगीशिवाय नको. आपल्या संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, जावक क्रमांक, तारीख आणि दोन सह्या, यापलीकडे काही लागत नाही.

४. तारीख आणि जागा

२६ जून, शाहू जयंती, हा दिवस सगळ्यांना सुचतो. म्हणूनच त्या दिवशी दसरा चौकापासून सगळीकडे कार्यक्रमांची झुंबड असते आणि सभागृह मिळत नाही. अगदी तोच दिवस हवा असेल तर सकाळी नऊला उरका. नाहीतर त्या आठवड्यातला रविवार धरा. दुसरा बरा काळ म्हणजे १५ ऑगस्टनंतरचा आठवडा, तोवर शिष्यवृत्तीचे निकालही हाती असतात.

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात मात्र तारीख घेऊ नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाणी चढायला लागलं की प्रयाग चिखली, आंबेवाडीकडची मुलं येऊच शकत नाहीत. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

जागा म्हणून शाळेचं सभागृह सगळ्यात चांगलं. भाडं कमी, मुलांना ओळखीचं, आवाज घुमत नाही. मोठा कार्यक्रम असेल तर शाहू स्मारक भवनासारखं ठिकाण बघा, पण महिनाभर आधी. उघड्यावर चौकात करायचा तर ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी आणि मंडपाची महापालिकेची परवानगी, दोन्ही लागतात. डिजिटल फलक लावणार असाल तर त्याचीही परवानगी काढा. माझं ऐकाल तर एकच फलक करा, सभागृहाच्या दारात, आणि त्यावर फक्त मुलांची नावं, सगळी एकाच आकारात.

५. पैसे कशावर घालायचे

जमलेल्या रकमेतला निम्म्याहून जास्त भाग मुलांच्या हातात पडला पाहिजे. मंडप, हार, शाली आणि पाहुण्यांच्या स्मृतिचिन्हांतच निम्मे गेले तर अंदाजपत्रक पुन्हा करा.

फेट्याचं गणित आधी मांडा. एक फेटा बांधायला सराईत माणसालाही दोन-तीन मिनिटं जातात. मुलं चाळीस असली आणि फेटेवाला एक असला तर दीड-दोन तास नुसते फेट्यातच. शिवाय पहिल्या नंबरच्या पोराचा फेटा शेवटच्याचा होईपर्यंत कानावर आलेला. फेटे हवेच असतील तर दोघं-तिघं बांधणारे बोलवा आणि मुलींनाही बांधा. मुलग्यांना फेटा आणि मुलींना गजरा असला भेद नको. नाहीतर सरळ फाटा द्या.

शाल लहान मुलाच्या काहीच कामाची नाही. त्याऐवजी अर्जावरून बघून द्या: चित्र काढणाऱ्याला चांगले ब्रश आणि जलरंग, खेळाडूला बुटांची रक्कम, वाचणाऱ्याला वाचनालयाची वर्षभराची वर्गणी भरून पावती. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या गावात आहे, आणि आपल्या कितीतरी मुलांनी त्याची पायरी चढलेली नाही. पुस्तक देणार असाल तर सगळ्यांना एकच चरित्र घाऊक घेऊ नका. त्याच्या तीन-तीन प्रती घरात पडून असलेली मुलं मी बघितली आहेत.

थोडी रक्कम बाजूला ठेवा, पुढच्या खर्चासाठी: स्पर्धेचं प्रवासभाडं, परीक्षेची फी, वसतिगृहाची अनामत. कुस्तीगीर खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य बॅ. खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली ती पदक आल्यावर. आपण घर गहाण टाकायचं नाही, पण चार हजारांचं रेल्वेचं तिकीट वेळेवर काढून देता आलं पाहिजे. देणगी बँक खात्यातच घ्या, पावती द्या आणि समारंभानंतर पंधरा दिवसांत जमाखर्च फळ्यावर लावा.

६. मानपत्राचा मजकूर

खरं काम इथे आहे. ‘अथक परिश्रम, जिद्द व चिकाटीच्या जोरावर दैदीप्यमान यश संपादन करून भागाचे नाव उज्ज्वल केल्याबद्दल...’ हा मजकूर चाळीस मुलांना चालतो, म्हणजेच तो एकालाही लागू पडत नाही.

प्रत्येक मुलाला समितीतल्या कुणीतरी फोन करावा किंवा घरी जाऊन यावं. पाच-सात मिनिटं पुरतात. तीन गोष्टी विचारायच्या. यातलं सगळ्यात अवघड काय गेलं? कुणी शिकवलं, कुणी सोबत केली? आता पुढं काय करायचंय आणि कुठं अडतंय? ‘तुझ्या यशाचं रहस्य काय’ असं विचारू नका. त्याला पोरं वर्तमानपत्रात वाचलेलं ठरीव उत्तर देतात. पहिल्या प्रश्नाला मात्र हमखास खरं उत्तर येतं.

त्यातून तीन-चार ओळी लिहा. समजा, आठवीतल्या एका मुलीची इन्स्पायर मानक या शाळकरी मुलांच्या विज्ञान-कल्पनांसाठीच्या योजनेत निवड झाली आहे. तिचा मजकूर असा होऊ शकतो: ‘उसाचं पाचट जाळण्याऐवजी त्यापासून रोपांसाठी कुंड्या करायची कल्पना हिने मांडली. पहिल्या कुंड्या पाणी घातल्यावर दुसऱ्याच दिवशी बसल्या. शेण आणि माती यांचं प्रमाण बदलत तिने त्या पुन्हा केल्या आणि प्रत्येक कुंडी किती दिवस टिकते याची वही ठेवली. शाळेने ही कल्पना पाठवली आणि तिची निवड झाली. ती वही आज तिने सोबत आणली आहे.’ शिष्यवृत्तीतल्या मुलाचा असा: ‘बुद्धिमत्ता चाचणीतल्या फिरणाऱ्या आकृत्या याला जमत नव्हत्या. जुन्या लग्नपत्रिका कापून त्याने त्या आकृत्या केल्या आणि हाताने फिरवून बघितल्या.’ हे ऐकताना सभागृहातली बाकीची पोरं मान वर करून बघतात, कारण हे त्यांनाही करता येण्यासारखं आहे.

लिहिलेला मजकूर मुलाला आणि पालकांना आधी वाचून दाखवा. एखादी गोष्ट नको म्हणाले तर काढून टाका. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मंचावर वाचायचं नाही, ते नोंदवहीत जातं. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

प्रमाणपत्रावर मात्र रुक्ष तपशील पुरा हवा: कोणती परीक्षा किंवा स्पर्धा, कुणी घेतली, कोणती पातळी, कोणतं वर्ष, ठराव क्रमांक. पालकांना खरं तेही सांगा, की स्थानिक सत्काराच्या कागदाने कुठल्या प्रवेशात गुण वाढत नाहीत. पुरस्काराचा अर्ज भरताना किंवा वसतिगृहाच्या मुलाखतीला जाताना तो सोबत असला तर बरं, इतकंच.

७. प्रत्यक्ष दिवस

दीड तासात संपवा. दीपप्रज्वलन, दोन मिनिटांचं स्वागत आणि लगेच मुलं. भाषणं नंतर. भाषणं आधी ठेवली की लहान मुलं पेंगतात आणि आया घड्याळ बघतात. एका मुलाला एक मिनिट धरलं तर चाळीस मुलांना चाळीस मिनिटं. मग दोन मुलांची मनोगतं, तीन-तीन मिनिटं, आठवडाभर आधी सांगून ठेवलेली. मग पाहुणे, पंधरा मिनिटं. झालं.

पाहुणा एकच असावा आणि त्याने काहीतरी करून दाखवलेलं असावं. माजी खेळाडू, शिवाजी विद्यापीठातली संशोधक, सीपीआर रुग्णालयातली अनुभवी परिचारिका, कुणीही. निवडणुका तोंडावर असतील तर आचारसंहितेचा विचार करूनच मंच भरा. दर पाच मुलांनंतर ‘आता यांच्या शुभहस्ते’ म्हणत हात बदलायची पद्धत बंद केली तर वीस मिनिटं वाचतात. ज्यांना राग येईल त्यांना आभारप्रदर्शनात मानाने घ्या.

पुढच्या रांगेत मुलं आणि त्यांचे पालक. सोफे पुढाऱ्यांना आणि पोरं सतरंजीवर, असं नको. नाव पुकारलं की आई-वडील, आजी, जे आलेत ते मुलाबरोबर वर येऊ देत, आणि वर्गशिक्षक किंवा वस्ताद हजर असतील तर तेही. मजकूर वाचणारी व्यक्ती आदल्या दिवशी सगळी नावं मोठ्याने वाचून बसलेली हवी. हलगी लावायची हौस असेल तर मुलं सभागृहात येताना दोन मिनिटं लावा. बंद खोलीत त्याहून जास्त कान सहन करत नाहीत. चहा आणि भडंग पुरतो.

८. समारंभानंतरचा महिना

इथे बहुतेक मंडळं गाशा गुंडाळतात. नोंदवही उघडा आणि तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांवरून प्रत्येक मुलामागे समितीतलं एक माणूस लावा. त्याने बघायच्या गोष्टी इयत्तेनुसार अशा.

शिष्यवृत्तीत चमकलेलं चौथीचं पोर पाचवीत गेलं की नवोदयचा अर्ज भरायचा. आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय कागलला आहे, सहावीला प्रवेश मिळतो. साताऱ्याच्या सैनिक शाळेचाही विचार त्याच सुमारास करायचा. सहावी आणि नववीला मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते. मुंबईचंच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र वेगळं, तिथून देशाच्या ऑलिंपियाड निवडीचं काम चालतं. नावसाधर्म्यामुळे पालकांची गल्लत होते. गणितात गती असलेल्या आठवीपुढच्या मुलाला ऑलिंपियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम ही परीक्षा, नक्की दाखवा. ती साधारण सप्टेंबरमध्ये होते आणि आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या मुलांना ती असते हेच माहीत नसतं.

इन्स्पायर मानकसाठी अर्ज मुलाने नव्हे, शाळेने करायचा असतो. सहावीपासून पुढच्या मुलांच्या कल्पना शाळा नोंदवते आणि निवड झाल्यास प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात. शाळेकडून नोंदणीच झाली नाही असं पुष्कळदा होतं. म्हणून मुख्याध्यापकांना जुलैतच आठवण करा आणि मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, तेही बघा.

दहावीतल्या खेळाडूंचा आणि चित्रकारांचा वाढीव गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत गेला पाहिजे. इंटरमिजिएटच्या ए श्रेणीला ७, बी ला ५ आणि सी ला ३ गुण मिळतात. मुदत हुकली की श्रेणी असूनही हात चोळत बसावं लागतं.

राष्ट्रीय पातळीवरचा दरवाजा म्हणजे प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार. वय पाच ते अठरा. शौर्य, समाजसेवा, पर्यावरण, खेळ, कला-संस्कृती, विज्ञान-तंत्रज्ञान ही क्षेत्रं. नामांकन केंद्र सरकारच्या पुरस्कारांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करायचं, आणि ते कुणीही करू शकतं, स्वतः मूलसुद्धा. अर्ज साधारण एप्रिल ते जुलैमध्ये घेतले जातात, पुरस्कार २६ डिसेंबरला वीर बाल दिवसाला दिले जातात. तुमच्या यादीत तसं काम असलेलं एखादंच मूल असेल, पण असलं तर फोटो, कात्रणं, प्रमाणपत्रं जमवून अर्ज नीट भरून देणं हे तुमचं काम.

बारावीनंतर पैशांवाचून अडणाऱ्याला शिवाजी विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेची आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांची माहिती द्या. शाहू महाराजांनी १९०१ पासून उभी केलेली वसतिगृहं याच गावात आहेत. त्यांपैकी कुठे प्रवेश मिळू शकतो ते पालकांबरोबर जाऊन विचारा.

खासगी ‘टॅलेंट सर्च’ची पत्रकं पालक तुमच्याकडे घेऊन येतील. एनसीईआरटीची राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ पासून थांबलेली आहे. तिच्यासारखंच नाव लावून दुसरं कुणी परीक्षा घेत असेल तर ती वेगळी. फी किती, घेणारी संस्था कोण आणि बसलेल्यांतल्या किती जणांना ‘सुवर्णपदक’ मिळतं, हे विचारायला सांगा. अर्ध्या वर्गाला सुवर्ण मिळत असेल तर पैसे वाचवा.

नोंदवहीत पाच रकाने पुरतात: नाव, यश, पुढं काय करायचंय, कोण बघणार, काय झालं. शेवटचा रकाना दिवाळीत एकदा आणि मार्चमध्ये एकदा भरायचा. वही अध्यक्षांच्या घरी नको, अध्यक्ष बदलतात. ती शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षी निकषांच्या बैठकीला बसाल तेव्हा तीच वही आधी टेबलावर घ्या, आणि यादीतल्या आता कॉलेजात गेलेल्या दोघातिघांना समितीत बोलवा. फोन करून मजकूर लिहायचं काम ती मुलं आपल्यापेक्षा चांगलं करतात.